पाम्यो पाहून आलेलं घर

थोरले भाऊ गुडघ्यांवर बसून खुरप्याने कबरीच्या उंचवट्यावरचं मेलेलं गवत काढताहेत. धाकटे भाऊ खाली लावलेल्या गाडीतून हिरवळीचे चौकोनी तुकडे दोन-दोन करून वर आणताहेत, उघड्या मातीवर बसवून हाताने थोपटताहेत. ६ एप्रिल २०२४, शनिवार. काल हानशिक झाला. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसापासून मोजलेला हा एकशे पाचवा दिवस, पूर्वजांच्या कबरी नीट करण्याचा. काल कामाचा वार होता, म्हणून निम्मं सोल आज डोंगरात निघालंय. हान नदीच्या काठाने यांगप्यॉंगपर्यंत गाड्यांची रांग होती. वाटेतल्या एका सरकारी कचेरीत सगळ्यांनी मतदानही उरकलं. निवडणूक बुधवारी आहे, पण आगाऊ मत देशात कुठेही देता येतं. थोरल्यांच्या हाताच्या पाठीवर मतदानाचा गोल लाल शिक्का अजून ताजा आहे.

निवडणुकीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. वाद पेटलाय तो ‘पाम्यो’वर.

पाम्यो म्हणजे पुरलेलं बाहेर काढण्यासाठी कबर उकरणं. जांग जे-ह्यन या दिग्दर्शकाचा हा भुताचा सिनेमा २२ फेब्रुवारीला लागला आणि २४ मार्चला त्याने एक कोटी प्रेक्षकांचा आकडा ओलांडला. सव्वापाच कोटींच्या आतला हा देश, म्हणजे पाचातला एक माणूस तो पाहून आलाय. या टेकडीवर तर पाचातले पाचही. मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते त्या ऑन्नी (म्हणजे ताई), त्यांची सत्त्याऐंशी वर्षांची आई (घरातली आजी), दोघे भाऊ, थोरल्या वहिनी, थोरल्यांची कॉलेजात जाणारी लेक, सगळ्यांनी पाहिलाय. लेकीने तीनदा.

“पहिला तास दहापैकी दहा,” धाकटे मातीचे हात झटकत म्हणतात. ते चिपच्या कारखान्यात इंजिनीअर आहेत आणि भयपटांबद्दल त्यांचा शब्द घरात शेवटचा मानला जातो. “काही दिसत नाही, तोवर घशाला कोरड पडते. ते भूत दोन पायांवर चालायला लागलं आणि माझी भीती संपली. आठ फुटी माणसाला कसला घाबरणार? ‘गोकसॉन्ग’ आठवा. तो पाहून लोक रात्रभर भांडत बसले, जपानी म्हातारा सैतान की पांढऱ्या कपड्यांतली बाई सैतान. आठ वर्षं झाली, अजून भांडताहेत. भयपट असा हवा.”

२०१६ मधल्या ना होंग-जिनच्या त्या सिनेमावर या घरात पूर्वी काय काय झालं असेल, ते ऑन्नींच्या चेहऱ्यावर दिसतं. त्या हसून मान फिरवतात आणि माझ्या हातात खुरपं देतात.

ज्यांनी ‘पाम्यो’ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिसमधल्या एका गडगंज कोरियन घरात नुकतं जन्मलेलं बाळ रडायचं थांबत नाही. ह्वा-रिम नावाची तरुण मुदांग, म्हणजे देवादिकांना अंगात घेऊन विधी करणारी बाई, सांगते की कबरीतल्या पूर्वजाचा हा त्रास आहे. कबर हलवायला चौघं निघतात: ती, तिचा चेला बोंग-गिल, जमीन पारखणारा म्हातारा सांग-दॉक आणि प्रेतसंस्कारांचं दुकान चालवणारा यंग-गुन. कबर सापडते उत्तरेच्या सीमेजवळ, एका ओसाड डोंगरमाथ्यावर. आसपास कोल्हे. दगडावर नाव नाही. सांग-दॉकचं काम करणारे चोई मिन-शिक तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवतात आणि त्यांचा चेहराच सांगतो की इथे माणूस पुरायला नको होता. खाली निघतो तो जपानी अमलात देश विकून श्रीमंत झालेला सरदार. पेटी बाहेर येते, लोभापायी कुणीतरी झाकण उचकटतं आणि म्हातारा आपल्याच वंशाला खायला निघतो. इथपर्यंत पहिला भाग. मग कळतं की त्याच खड्ड्यात, त्याच्या खाली, आणखी एक पेटी आहे. उभी पुरलेली.

ती दुसरी पेटी प्रेक्षकांना दोन गटांत वाटून टाकते. तिच्यातून निघतो कित्येक शतकांपूर्वीचा जपानी सेनापती. तोच जमिनीत ठोकलेली खुंटी आहे. कोरियाचा द्वीपकल्प वाघाच्या आकाराचा मानतात, त्या वाघाच्या कमरेत ठोकलेली.

धाकट्यांच्या फावड्याला खाली काहीतरी टणक लागतं. खण्णकन आवाज होतो आणि क्षणभर सगळ्यांचे हात थांबतात. मग ते वाकून मुठीएवढा दगड काढतात, दाखवतात आणि झुडपात फेकून देतात.

“दुसरी पेटी!” लेक ओरडते.

“तोंड सांभाळ,” वहिनी म्हणतात. वहिनी चर्चमध्ये जबाबदारीच्या पदावर आहेत. कबरीपुढे त्या लवून नमस्कार करत नाहीत, बाजूला उभ्या राहून डोळे मिटतात. सिनेमाला त्या लेकीच्या हट्टापायी गेल्या. “मेलेल्या डुकरांवर सुऱ्या चालवणारी, तोंडाला काजळी फासणारी मुलगी बघायला एक कोटी माणसं जातात, यातच या देशाचं काय ते कळतं,” त्या मला म्हणतात. “पण एक सांगते, तो दिग्दर्शक स्वतः चर्चला जाणारा आहे. आणि ह्वा-रिमचं काम करणारी किम गो-उनसुद्धा. मी वाचलंय. विश्वास नसता तर तो गुत इतका मनापासून उभा राहिला नसता.”

मला हे मत फार मोलाचं वाटतं. तो गुत मीही श्वास रोखून पाहिला. कबर उकरणाऱ्या मजुरांवरचं संकट डुकरांवर उतरवण्याचा तो विधी. ढोल वाजतोय, खाली पाच माणसं फावडी मारताहेत, वर कॅनव्हासचे बूट घातलेली मुलगी सुरी हातात घेऊन उड्या मारतेय. तिच्या पायातले ते बूट बघून थिएटरात हसू आलं नाही. ही नोकरी आहे, हिचे पैसे ठरलेत, आणि तरी ही जिवावर उदार झालीय, हे दोन्ही एकदम पटलं. देव न मानणारा दिग्दर्शक असता तर त्याने तिची थट्टा तरी केली असती किंवा तिला नुसती गूढ करून ठेवली असती. जांग जे-ह्यन संशोधनासाठी अनेक खऱ्या कबरी उकरताना हजर राहिला होता. ते फावड्यांच्या लयीत ऐकू येतं.

काम आवरतं. दगडी चौथऱ्यावर कागद अंथरून ऑन्नी सामान मांडतात: सुकवलेला मासा, पिठात बुडवून तळलेले भाज्यांचे काप, भाताचे चिकट गोळे, शेंडा कापलेलं सफरचंद, शेंडा कापलेली नाशपाती. उदबत्ती मात्र नाही. पायथ्याशीच वनखात्याची पाटी आहे, वणव्याचे दिवस, आग पेटवायला बंदी. सगळ्यांत आधी डोंगराच्या देवाला थोडी दारू. मग कबरीपुढे. भाऊ दोनदा जमिनीला कपाळ टेकतात. आजीला वाकवत नाही, ती काठीवर भार टाकून उभी राहते. उरलेली सोजू थोरले उंचवट्याभोवती गोल फिरून मातीवर ओततात.

मग चटईवर जेवण. पूर्वजांपुढचं अन्न सगळ्यांनी मिळून खायचं असतं. माझ्या घरी श्राद्धाच्या पानावरून उठेपर्यंत कुणी मोठ्याने बोलत नसे. इथे तोंडात घास असतानाच आवाज चढतात.

लेकीने सिनेमातली गुपितं वहीत उतरवून आणलीत. गाड्यांच्या पाट्यांवरचे आकडे: ०३०१, ०८१५, १९४५. १ मार्च १९१९ चा उठाव, १५ ऑगस्टची मुक्ती आणि तिचं साल. प्रेतसंस्कारांच्या दुकानाच्या नावात जुन्या क्रांतिकारक संघटनेचं नाव लपलेलं. आणि चौघांची नावं, चारही स्वातंत्र्यसैनिकांची. “काका, तुम्ही म्हणता दुसऱ्या भागात सिनेमा बदलला. नावं तर पहिल्या मिनिटापासून तिथेच होती!”

“नावं ओळखलीस, माणसं ओळखलीस का?” थोरले विचारतात. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत. “किम सांग-दॉक कोण होते?”

लेक वही चाळते.

“स्वातंत्र्यानंतर जपान्यांना सामील झालेल्यांवर खटले भरायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष. १९४९ च्या जूनमध्ये पोलिसांनीच समितीच्या कचेरीवर धाड घातली. काम तिथेच मोडलं. आता बघ, त्या नावाचा माणूस पडद्यावर काय करतो? फितुराची कबर खणतो.” थोरले पाणी पितात. “आणि युन बोंग-गिल?”

“शांघायचा बॉम्ब. १९३२.”

“२९ एप्रिल १९३२, होंगकौ बाग. तेवढं सगळ्यांना येतं. पुढचं सांग.”

पुढचं ते स्वतःच सांगतात आणि चटईवर पहिल्यांदा कुणी मध्ये बोलत नाही. युन बोंग-गिलला त्याच वर्षी डिसेंबरात जपानमधल्या कानाझावाला गोळ्या घातल्या. वय चोवीस. प्रेत घरच्यांना दिलं नाही. स्मशानाच्या कडेला, माणसं ये-जा करतात त्या वाटेखाली गुपचूप पुरलं, खूण ठेवली नाही. वरून लोक चालत राहिले. १९४६ च्या मार्चमध्ये तिथल्या कोरियन माणसांनी शोध घेऊन ती जागा खणली, अस्थी मिळाल्या आणि त्या सोलच्या ह्योचांग बागेत आणून पुरल्या. “ही खरी पाम्यो,” थोरले म्हणतात. “तिकीट काढून आलेल्या एक कोटीतल्या किती जणांना माहीत असेल?”

“सिनेमामुळेच तर शोधलं लोकांनी!” लेक म्हणते.

“मग खुंटीबद्दलही शोधायचं होतं.” थोरल्यांचा खरा राग इथे आहे. जपान्यांनी कोरियाचा प्राणप्रवाह तोडायला डोंगरांत लोखंडी खुंट्या ठोकल्या, ही गोष्ट इथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १९९५ मध्ये, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी, किम यंग-साम यांच्या सरकारने त्या उपटायची मोहीमही काढली. त्याच वर्षी सोलमधली जपानी गव्हर्नर-जनरलची इमारत पाडायला घेतली. पण इतिहासकार बहुतेक खुंट्या जमीनमोजणीच्या खुणा होत्या असं सांगतात. “मी वर्गात वर्षानुवर्षं हेच समजावलं. आता एका सिनेमाने सगळं पुसलं.”

“पुसलं नाही, बाबा. सिनेमात यंग-गुन तेच म्हणतो, नव्व्याण्णव टक्के खोट्या आहेत. आणि सांग-दॉक विचारतो, मग उरलेला एक टक्का?”

“तो एक टक्काच लोक घरी घेऊन जातात.”

ऑन्नी माझ्याकडे वळून विचारतात, “तुला काय वाटलं? तू तर बाहेरून बघतेस.”

माझी कोरियन तोकडी आहे, पण यावर मला बोलायचंय. मला सिनेमा दोन तुकड्यांचा वाटत नाही. त्या सरदाराला वाटलं, डोंगरमाथ्यावरची जागा आपल्या निष्ठेचं बक्षीस. ज्या जपानी मांत्रिकाने ती निवडली, त्याच्या लेखी ती जागा खुंटी लपवायची होती. फितुराच्या कबरीला कोण हात लावणार? पेटी किमती लाकडाची, पण तिचं काम झाकणाचं. ज्याने देश दिला त्याला मेल्यावरही धन्याने पहाऱ्यावरच बसवलं. आणि दगडावर नावसुद्धा कोरलं नाही. पूर्ण सिनेमात मला सगळ्यांत भयानक वाटला तो बिननावाचा दगड. म्हणून पहिला भाग कौटुंबिक भुताचा आणि दुसरा इतिहासाचा, ही वाटणी मला मान्य नाही. झाकण काढलं की खालचं दिसणारच. धाकट्यांचं एवढंच कबूल, की खालचं जरा कमी दाखवलं असतं तरी चाललं असतं.

“कमी दाखवलं?” आजी विचारते. इतका वेळ ती भाताचा गोळा बारीक चावत बसलेली. “मला तर बरोबर दिसलं. मी तेवढीच होते.”

ती १९३७ ची. शाळेत गेली तेव्हा तिला जपानी नाव मिळालं, ते ती अजून सांगत नाही. मूल रडलं की घरची माणसं म्हणायची, गप, पोलीस येतोय. जपानी पोलिसाच्या कमरेला तलवार असायची. “सहा वर्षांच्या पोरीला खालून बघताना तो माणूस केवढा दिसतो, माहितीय? छपराएवढा. तलवारीचा आवाज आधी येतो, मग बूट. धाकट्या, तू म्हणतोस चालायला लागल्यावर भीती गेली. आमची भीती चालतच यायची. दाराशी थांबायची आणि विचारायची, पितळ किती आहे?”

युद्धाच्या शेवटच्या वर्षांत जपानी सरकारने घराघरांतून धातू गोळा केला. भांडी, चमचे, पूर्वजांच्या पूजेची पितळी वाडगी. आजीच्या माहेरी पुढची सगळी श्राद्धं मातीच्या भांड्यांत झाली. तिच्या आईने एक वाडगं परसात पुरलं होतं. नंतर खणलं तर जागा सापडली नाही.

कोणीच काही बोलत नाही. मग थोरले, कबरीकडे न बघता, म्हणतात, “आमचे आजोबा तेव्हा गावच्या कचेरीत कारकून होते.”

आजोबा म्हणजे या दोन कबरींतली डावीकडची. आजीचे सासरे. ज्यांच्यावर आत्ता नवी हिरवळ बसवली ते.

“२००९ मध्ये फितुरांचा तो कोश निघाला,” थोरले सांगतात. “चार हजार तीनशे एकोणनव्वद नावं. मी विकत घेतला आणि पहिल्यांदा आमचं आडनाव काढून बघितलं. त्यांचं नाव नाही. कारकुनाएवढ्या लहान माणसाला तिथे कोण घेतंय? पण पितळाच्या याद्या कारकूनच करायचे.”

लेकीची वही मिटलेली आहे. हे तिला माहीत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसतंय. वहिनींनाही नसावं.

“माझ्या माहेरचं पितळ यांनी नाही नेलं,” आजी शांतपणे म्हणते. “तो दुसरा गाव. लग्न होऊन आले तेव्हा या घरातही पितळ नव्हतं. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, यांनी आधी आपलंच दिलं. म्हणजे दुसऱ्यांपुढे मान वर करून मागता येईल.” ती सफरचंदाची फोड उचलते. “चांगला माणूस होता. मला कधी रागावला नाही. आणि याद्याही केल्या असतील. त्याला मी कधी विचारलं नाही. म्हणून सिनेमात तो म्हातारा पेटीतून निघाला ना, तेव्हा मला वाटलं, याच्या सुनेने तरी विचारलं असेल का?”

मतं पुष्कळ ऐकली मी या महिनाभरात, लिफ्टमध्ये, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर, सलूनमध्ये. सेनापतीची उंची, चोई मिन-शिकचे डोळे, बोंग-गिल झालेल्या ली दो-ह्यनच्या अंगावर गोंदलेले मंत्र. एका माहितीपटाच्या दिग्दर्शकाने हा डाव्यांचा सिनेमा म्हणून शिक्का मारला, त्यावरही तावातावाने बोलणं झालं. पण एका कोटीला तिथे कशाने ओढून नेलं, ते मला या चटईवर कळतंय. इथे जवळपास प्रत्येक घराची अशी एखादी टेकडी आहे, आणि १९४५ च्या आधी आपला माणूस काय करत होता, हे नातवंडांनी विचारायचं राहून गेलंय.

ऑन्नी फळांचा दुसरा डबा उघडतात. पिवळीधमक चामोए, लहान कोरियन खरबुजं, आत्ताच हंगाम सुरू झालाय. सिनेमातल्या सेनापतीला हीच लागतात, गोड्या पाण्यातले मासे आणि ही. लेक फोडीकडे बघते, “मला नको.” मग काकांनी दोन खाल्ल्यावर एक घेते.

जेवण संपता संपता थोरले मूळ विषय काढतात. दोन्ही कबरी हलवून अस्थींचं दहन करायचं, असं या घरात गेल्या वर्षापासून चाललंय. डोंगर चढायला पुढे कुणी राहणार नाही. दहन आता इथे शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांचं होतं, १९९० च्या आसपास वीससुद्धा नव्हतं. कबर हलवायला अधिक महिना चांगला, कारण तेव्हा भुताखेतांचं लक्ष नसतं असं मानतात. हे ऐकून मला दर वेळी आपल्या धोंड्याच्या महिन्याची आठवण येते. हिशेब तोच, सूर्याच्या संक्रमणाविना गेलेला महिना. पण आपण त्यात मंगल कामं थांबवतो, हे लोक कबरी उकरतात.

“पुढच्या वर्षी अधिक सहावा आहे,” थोरले फोनवर बघून सांगतात. “२५ जुलैपासून.”

“म्हणजे पावसापाण्याचे दिवस,” धाकटे.

“पावसात दहन नाही!” लेक उसळते. “पाऊस आला म्हणून तर दहन थांबलं आणि पेटी त्या रात्री हॉस्पिटलात ठेवावी लागली!”

“अगं, तो सिनेमा आहे.”

“उघडीप असेल त्या दिवशी करा,” आजी म्हणते. “आणि मी हजर असताना. झाकण माझ्यासमोर उघडायचं.”

“आई, या वयात तुला कशाला…”

“मला बघायचंय त्याला. मी विचारीन तेव्हा.”

वहिनी म्हणतात, त्यांच्या पाद्रींनाही बोलवावं. कुणी नाही म्हणत नाही. धाकटे उरलेली हिरवळ मोजताहेत. लेक खिशातून नाणं काढते. सिनेमात पेटी निघाल्यावर सांग-दॉक रिकाम्या खड्ड्यात नाणं टाकतो, इतकी वर्षं जागा वापरल्याचं जमिनीला भाडं. “आजी, तेव्हा हे टाकू आपण. शंभर वॉन.”

“शंभर? साठ वर्षांचे?” आजी म्हणते. “पाचशेचं टाक.”

“पण शंभरच्या नाण्यावर सेनापती यी सुन-शिन आहे! जपानी आरमार बुडवणारा! पाचशेवर नुसता क्रौंच पक्षी.”

आजी नाणं हातात घेऊन उलटसुलट बघते आणि परत देते.

“मग शंभरची पाच टाक.”